ब्रिसलनोज: नर-मादी ओळख, खाणं आणि मुंबईच्या पाण्यात पिल्लं (धागा)

शेवाळखाऊ | १२ एप्रिल

दर पंधरा दिवसांनी कोणीतरी ब्रिसलनोज या टाकीतल्या शेवाळखाऊ माशाबद्दल हेच विचारतं, म्हणून एकदाचं सगळं एका जागी.

आधी खरेदी, कारण निम्मे घोटाळे तिथेच होतात. दुकानात नुसतं 'सकर' मागितलं की जो काळपट, ठिपक्याठिपक्यांचा मासा पिशवीत पडतो तो बहुतेक वेळा ब्रिसलनोज नसतो. तो साधा प्लेको, टेरिगोप्लिक्थिस, फूट-दीड फूट वाढणारा. आपला ब्रिसलनोज म्हणजे अँसिस्ट्रस. मूळचा दक्षिण अमेरिकेतला आणि १०-१३ सेंमीवर थांबणारा. चार सेंमीला दोघं भाऊ-भाऊ वाटतात. तेव्हा पाठीवरचा पर बघा. पुढचा जाड काटा सोडून मागच्या मऊ काड्या मोजायच्या. अँसिस्ट्रसला ७ असतात, साध्या प्लेकोला ९ किंवा जास्त. मासा काचेला चिकटून पर उभारतो त्या क्षणी मोबाइलवर फोटो काढा आणि मोठा करून मोजा. दुकानदाराचं 'बुशीनोजच आहे साहेब' यापेक्षा या सात काड्यांवर विश्वास ठेवा.

आता नर-मादी. ५-६ सेंमीच्या आत ओळखू येत नाही, कोणी छातीठोक सांगितलं तरी. त्यानंतर नराच्या थुंतरीवर, म्हणजे तोंडाच्या पुढच्या भागावर, बारीक पुटकुळ्या येतात, त्यांच्या मिशा होतात, आणि मिशा ओठांच्या कडेवर न थांबता दोन डोळ्यांमधून कपाळावर चढतात. वयात आलेल्या नराच्या कपाळावर इंग्रजी वाय अक्षरासारखी रांग असते आणि तिला फाटे फुटलेले असतात. मादीला एक तर मिशा नसतातच, किंवा फक्त थुंतरीच्या कडेला आखूड, बारीक, एका ओळीत. म्हाताऱ्या मादीच्या कडेच्या मिशा चांगल्या दिसण्याइतक्या असतात, त्यामुळे 'मिशी आहे म्हणजे नर' हे सूत्र चुकीचं. मिशी कपाळावर आहे का, एवढंच बघायचं.

नवीनटाकी | १२ एप्रिल

छान माहिती. माझ्याकडे सहा आहेत, अंदाजे ५ ते ६ सेंमी. एकालाच पुटकुळ्या दिसतात. म्हणजे एक नर आणि पाच माद्या, असं धरू का?

काचेपलीकडे | १३ एप्रिल

नका धरू. एका टाकीत दोन-तीन नर एकत्र वाढले की जो दांडगा असतो त्याच्या मिशा आधी आणि भरभरून येतात, दबलेल्याच्या उशिरा आणि खुरट्या. अर्धपोटी वाढलेल्यांचंही तेच. ७-८ सेंमी झाल्यावरही कपाळ गुळगुळीत राहिलं तर ती मादी.

तोवर वरून बघा. नराचं डोकं फावड्यासारखं रुंद, आणि तिथून शेपटीकडे सरळ निमुळता. मादी डोक्याशी अरुंद आणि परांच्या मागे पोटाशी सर्वांत रुंद. अंडी भरली की वरूनसुद्धा दोन्ही बाजू फुगलेल्या दिसतात. खालून बघायचं तर जुन्या पारदर्शक डब्यात पाण्यासकट घेऊन उजेडासमोर धरा. गुदद्वारामागचा उंचवटा नरात बारीक आणि टोकदार, मादीत रुंद आणि चपटा. पण याला सराव लागतो, नवख्याने यावर पैज लावू नये.

आणि एक, जाळीने धरू नका. गालांवरचे काटे तो रागावला की बाहेर काढतो आणि ते जाळीत अडकतात. प्लास्टिकचा मग किंवा डबा वापरा. अडकलाच तर ओढायचं नाही, मासा पाण्यातच ठेवून कात्रीने जाळी कापायची.

शेवाळखाऊ | १३ एप्रिल

+१. गालाचे काटे दोघांनाही असतात, नराचे लांब. त्यावरून ठरवू नका.

मिशा कशासाठी, याबद्दल अभ्यासकांचं एक मत गमतीचं आहे. कपाळावरचे ते तंतू गुहेत लोंबणाऱ्या पिल्लांसारखे दिसतात आणि मादीला वाटतं, हा बाप आधीच पिल्लं सांभाळतोय, म्हणजे भरवशाचा.

वांगंभरीत | १५ एप्रिल

खाण्याबद्दल मी लिहिते. पहिली गैरसमजूत काढून टाका: 'शेवाळ आणि घाण खातो, वेगळं काही घालायला नको.' घरच्या स्वच्छ टाकीत सहा माशांपुरतं शेवाळ आठवडाभरही टिकत नाही. नंतर हे उपाशी मरतात, आणि सावकाश मरतात म्हणून कळत नाही. काचेला चिकटला की पोट बघा. सपाट किंवा किंचित भरलेलं ठीक. आत गेलेलं, खळगा पडलेलं असेल तर उपासमार चालू आहे. आणि घाण खाणं सोडाच, हा मासा स्वतःच एवढी लेंडी टाकतो की फिल्टरला पुरे होते.

भाजी अशी: दुधी सालासकट एक सेंमी जाड चकती, उकळत्या पाण्यात २-३ मिनिटं. शिराळं आणि घोसाळंही तेवढंच, शिराळ्याच्या शिरा काढून. लाल भोपळा ४-५ मिनिटं, गाजर ६-७. पालक अर्धा मिनिट, नाहीतर लगदा होऊन फिल्टरमध्ये जातो. फरसबी ३-४ मिनिटं शिजवून मधोमध चिरून उघडी ठेवायची, आतले दाणे आधी संपतात. मटार सोलून, साल काढून, चेपून. काकडी कच्ची चालते, पण ती नुसतं पाणी, तिच्यावर पिल्लं वाढत नाहीत. परदेशी व्हिडिओंत सगळे झुकिनी टाकतात, म्हणून महागडी झुकिनी आणायला जाऊ नका, दुधीने तेच काम होतं.

शिजवताना मीठ नाही. फवारणीची भीती असेल तर चिरण्याआधी भाजी अर्धा तास पाण्यात ठेवून चोळून धुवा. पालकाबाबत हे नक्की करा.

चकती तरंगते. स्वयंपाकघरातला स्टीलचा काटा तिच्यात आडवा खुपसला की बुडते. शिशाची पट्टी किंवा जस्ताचा मुलामा असलेला खिळा वापरू नका.

दिवे बंद केल्यावर टाका, सकाळी उरलेलं काढा. मे महिन्यात सकाळपर्यंत थांबणंसुद्धा जास्त होतं. ३१ अंशाला दुधी सहा-सात तासांत बुळबुळीत होतो, पाणी दुधट होतं. तेव्हा रात्री आठला टाकून झोपण्याआधी काढलेलं बरं.

नवीनटाकी | १५ एप्रिल

आणि वेफर, म्हणजे तयार खाद्याच्या चकत्या? कोळंबी वगैरे दिली तर चालते का?

वांगंभरीत | १५ एप्रिल

वेफर एकाआड एक दिवस, दोन मोठ्या माशांना एक. पाकिटाच्या मागे घटक वाचा. 'अल्गी वेफर' नाव आणि पहिले दोन घटक माशाचं पीठ आणि गव्हाचं पीठ, असा प्रकार सर्रास चालतो. स्पिरुलिना किंवा शेवाळ पहिल्या तीनात हवं.

प्रथिनं पूर्ण बंद नकोत. जोडी तयार करायची असेल तर आठवड्यातून दोनदा गोठवलेले ब्लडवर्म (लाल अळ्या), किंवा कोळंबी धुऊन, काळा धागा काढून, बारीक चिरून वाटाण्याएवढी. रोज दिलीत तर पोटं फुगतात. पाणीही बिघडतं.

मुलुंडचामासा | १६ एप्रिल

लाकूड राहिलं. ड्रिफ्टवूड हवंच, त्याशिवाय पचत नाही, असं सगळीकडे वाचतो.

काचेपलीकडे | १६ एप्रिल

'हवंच' हे जरा ताणलेलं आहे. लाकूड पचवून जगणारे म्हणून ज्यांचं नाव घेतात ते पॅनाक, वेगळा वंश. अँसिस्ट्रस लाकूड खरवडतो तो मुख्यतः त्यावरच्या बुळबुळीत थरासाठी. लाकडाशिवाय वाढलेले आणि पिल्लं दिलेले ब्रिसलनोज भरपूर आहेत.

वांगंभरीत | १६ एप्रिल

अगदी पटत नाही. खरवडताना भुसा पोटात जातो, लेंडीत दिसतो, आणि तंतू म्हणून त्याचा काहीतरी उपयोग असणारच. शिवाय दिवसा लपायला जागा. बिनलाकडाची टाकी मी तरी सुचवणार नाही.

काचेपलीकडे | १६ एप्रिल

लपायला जागा, यावर मतभेद नाही. ठेवा. फक्त लाकूड टाकलंय म्हणून भाजी कमी करू नका, एवढंच म्हणणं. आणि रस्त्याकडेचा ओंडका उचलून आणू नका. चीक असलेलं ओलं लाकूड टाकीत कुजतं.

मुलुंडचामासा | १८ एप्रिल

आता पाण्याबद्दल माझा भाग. पालिकेचं पाणी भातसा, वैतरणा, तानसा वगैरे तलावांचं, मुळात मऊ, म्हणजे कमी क्षारांचं. ब्रिसलनोजला पीएच ६.५ ते ७.५ आणि मऊ ते मध्यम पाणी लागतं, म्हणजे नळाचं पाणी त्याच्यासाठी आयतंच. आरओ बिरओच्या भानगडीत पडू नका. भानगड वेगळी आहे, तीन ठिकाणी.

पहिली क्लोरीन. तो घालवायला सोडियम थायोसल्फेटचे खडे १० ग्रॅम, १०० मिली पाण्यात विरघळवून बाटलीत ठेवा. बदलायच्या पाण्यात दर १० लिटरला १ मिली, ढवळून पाच मिनिटं थांबा. पावसाळ्यात नळाला उग्र वास येतो तेव्हा २ मिली. सोसायटीची गच्चीवरची किंवा जमिनीखालची टाकी धुतात त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी पाणी बदलूच नका. ब्लिचिंग पावडर किती ओतली ते वॉचमनलाही माहीत नसतं.

दुसरी, टँकर आणि बोअर. बऱ्याच सोसायट्यांत उन्हाळ्यात पालिकेच्या पाण्यात बोअरचं पाणी मिसळतात. आज टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा आकडा) ९०, पुढच्या आठवड्यात ५००. मोठे मासे सोसतात, अंडी आणि पिल्लं नाही. टीडीएस मीटर स्वस्त मिळतो. बदलायच्या पाण्याचा आकडा टाकीतल्या आकड्यापेक्षा फार वेगळा आला तर एकदम ३० टक्के न बदलता १०-१० टक्के करून तीन दिवसांत बदला.

तिसरी भानगड याच्या उलट: पाणी फार मऊ असल्याने त्यात आम्ल सोसायची ताकद कमी. खूप मासे, खूप भाजी आणि पाणी बदलायचा आळस, असं जमलं की पीएच घसरत सहाच्या खाली जातो. तिथे माशांच्या घाणीतला अमोनिया संपवणारे फिल्टरमधले जीवाणू जवळजवळ थांबतात आणि अमोनिया साठतो. उपाय म्हणजे फिल्टरमध्ये मूठभर शिंपल्यांचा चुरा जाळीच्या पिशवीत, आणि आठवड्याला २५-३० टक्के पाणी.

शेवाळखाऊ | १८ एप्रिल

चौथी भानगड तुम्ही सोडलीत, उकाडा. मुंबईत ब्रिसलनोज मरतो तो थंडीने नाही, मे महिन्यात मरतो. याला २२ ते २७ अंश आवडतं. वरच्या मजल्यावर, पश्चिमेच्या भिंतीला लावलेली टाकी मे महिन्यात ३२ वर जाते. २६ अंशाला पाण्यात लिटरमागे साधारण ८.१ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३२ ला ७.३. कमी वाटतं, पण त्याच वेळी माशाची आणि जीवाणूंची भूक वाढलेली असते.

खूण सांगतो. हा मासा जठरातून हवेतला प्राणवायू घेऊ शकतो. तळाशी राहणारा ब्रिसलनोज मधूनमधून सर्रकन वर जाऊन एक घोट घेऊन परत खाली येऊ लागला तर समजा पाण्यात कमी पडतंय. दिवसातून एकदा दिसलं तर चालेल. तासाला पाच वेळा दिसलं तर त्याच क्षणी एअर पंप सुरू करा.

झाकण काढून, पाण्यावर तिरपा वारा बसेल असा टेबलफॅन लावा. कोरड्या हवेत तीन-चार अंश उतरतात, आपल्याकडच्या दमट मे महिन्यात दीड-दोन. तेवढेही पुरतात. रोजचं उडालेलं पाणी भरत राहा. बर्फाची बाटली टाकून दुपारी २७ आणि रात्री ३२ असा झोका देऊ नका, त्याने अंगावर पांढऱ्या ठिपक्यांचा रोग येतो. खाणं निम्म्यावर आणा. स्पंज फिल्टर रात्रंदिवस चालू. वीज गेली तर बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप घरात असावा.

हीटर? या शहरात नाहीच लागत. जानेवारीच्या रात्रीसुद्धा घरातलं पाणी २२च्या आसपास असतं, तेवढं त्याला सोसतं.

नवीनटाकी | २ जून

वर लिहिल्याप्रमाणे थांबलो. आता तिघांच्या कपाळावर मिशा आहेत, तिघांच्या नाहीत. टाकी अडीच फुटी, ३० बाय १२ बाय १५ इंच. तीन नर ठेवावेत का? आणि गुहा विकतची घ्यावी की कसं?

काचेपलीकडे | २ जून

तीन नर नको. ती टाकी काठोकाठ भरली तर ८८ लिटर, रेती आणि लाकूड वजा जाता सत्तर-पंचाहत्तर. एक नर, दोन माद्या. फार तर दोन नर, दोन टोकांना दोन गुहा आणि मध्ये लाकडाचा आडोसा. तिसरा कायम मार खाईल, त्याचे पर फाटतील, मिशा खुडल्या जातील. सर्वांत रुंद डोक्याचा, पोट भरलेला नर ठेवा. मिशांच्या लांबीला भाळू नका, भरलेलं शरीर महत्त्वाचं.

दीडइंची | ३ जून

गुहा म्हटलं की मी आलोच. विकतची घ्यायची काही गरज नाही, प्लंबिंगच्या दुकानात जा. पण जाताना मोजपट्टी न्या. पीव्हीसी पाइपची मापं बाहेरच्या व्यासाची असतात, आणि दुकानात सव्वा इंची, दीड इंची असं बोलतात. तुम्हाला आतला व्यास हवा. ८-१० सेंमीच्या नराला ४० मिमीचा पाइप, आतून साधारण ३६. ११-१२ सेंमीच्या नराला ५० मिमीचा, आतून साधारण ४५.

माप एवढ्यासाठी महत्त्वाचं की नराला आत शिरून, पर पसरून, अख्खं भोक बुजवता आलं पाहिजे. तो मादीला आत कोंडतो, नंतर स्वतः दाराशी बूच होऊन बसतो. पाइप मोठा असेल तर मादी बाजूने निसटते, किंवा दुसरा मासा आत घुसून अंडी खातो. नवख्यांची ही चूक हमखास: 'बिचाऱ्याला ऐसपैस असू दे' म्हणून तीन इंची पाइप. तो त्यात झोपतो, संसार करत नाही.

लांबी १३-१५ सेंमी. एक टोक टोपीने बंद, दाबून बसली तर सॉल्व्हेंट (पाइप जोडायचा गोंद) लागतच नाही. ढिली असेल तर मत्स्यटाकीचं सिलिकॉन, बाथरूमचं बुरशीरोधक नव्हे, आणि ४८ तास वाळू द्या. कापलेल्या कडा कानशीने गोल करा. आतून ८० नंबरच्या पॉलिश पेपरने उभं-आडवं घासा. गुळगुळीत पीव्हीसीवर अंड्यांचा घोस सुटून येतो, आणि नर वारा घालता घालताच तो बाहेर ढकलतो. घासून झालं की धुवा, चुरा राहू देऊ नका. पीव्हीसी बुडतं, फक्त आतली हवा वाकडं करून काढा.

पाइप नको असेल तर धारावीच्या कुंभारवाड्यात एक बाजू बंद असलेली मातीची नळी करून मिळू शकते. मापाचा कागद कापून न्या, आणि भाजताना माती आक्रसते हे धरून दोन-तीन मिमी मोठी सांगा. ग्लेझ नको, रंग नको. जुन्या घराची नळीची दोन कौलं समोरासमोर बांधूनही गुहा होते, मागचं तोंड दगडाने बुजवा.

तोंड भिंतीकडे किंवा कोपऱ्याकडे वळवा, माणसं येतात-जातात त्या बाजूला नको. फिल्टरचा झोत थेट आत नको, पण शेजारून पाणी हललं पाहिजे. नरांपेक्षा एक गुहा जास्त.

मुलुंडचामासा | ३ जून

कडाप्प्याचे तुकडे रचून गुहा केली तर? ओटा बसवणाऱ्याकडे फुकट मिळतात, दिसतातही छान काळेभोर.

दीडइंची | ३ जून

कडाप्पा दिसतो स्लेटसारखा, पण आहे चुनखडीचा दगड. कोरड्या तुकड्यावर ओरखडा काढून लिंबाचे चार थेंब टाका. बारीक बुडबुडे आले तर पाणी कडक करणार. आपल्या मऊ पाण्यात एखादा तुकडा उलट बराच. पण आठ-दहा फरश्यांचा बंगला बांधू नका. रचलेलं कोसळतं, आणि माशाच्या अंगावरच कोसळतं.

नवीनटाकी | २१ जून

४० मिमीचा पाइप बसवलाय. नर रोज आत बसतो, शेपटीने आतली घाण बाहेर झाडतो. माद्या जवळ जातात आणि परत येतात. दोन आठवडे झाले. काय चुकतंय?

शेवाळखाऊ | २२ जून

काही नाही चुकत, मादी भरलेली नसेल. वरून बघा. पोटाची रुंदी डोक्यापेक्षा ठळक जास्त दिसेपर्यंत थांबा. दोन-तीन आठवडे भाजी रोज, ब्लडवर्म आठवड्यातून दोनदा.

मग पाऊस लागला की डाव टाका. पाऊस आणि थंड पाण्याचा लोंढा हीच त्यांची हाक आहे, आणि ती आपल्याकडे जूनपासून फुकट मिळते. संध्याकाळी ३०-४० टक्के पाणी काढा आणि टाकीपेक्षा २-३ अंश थंड पाणी सावकाश, अर्ध्या तासात भरा. क्लोरीन काढलेलं, टीडीएस बघितलेलं. लागोपाठ दोन-तीन दिवस. त्याने झालं नाही तर आठवडा सोडून परत. तापमान २४-२६ ला ठेवा. ३० च्या वर अंडी लवकर फुटतात खरी, पण बुरशीही तितक्याच वेगाने.

बादलीत पावसाचं पाणी साठवून घालावं का, असा प्रश्न येणारच. गच्चीवरचं पहिलं पाणी धुळीचं आणि कावळ्या-कबुतरांच्या विष्ठेचं असतं. नको. नळाचंच बास.

नवीनटाकी | ९ जुलै

मादी आत गेली आहे आणि नर दाराशी अडकून बसलाय! काल रात्रीपासून. तिला बाहेर काढू का? श्वास कोंडेल ना?

काचेपलीकडे | ९ जुलै

हात लावू नका. असंच असतं, कधी कधी दिवसभर. नर कल्ले आणि पर हलवतोय तोवर आत पाणी फिरतंय. एअर पंप चालू आहे एवढं बघा. आज पाणी बदलू नका, टॉर्च मारू नका, पाइप उचलून डोकावू नका.

नवीनटाकी | ११ जुलै

मादी बाहेर आली, अंग सैल पडलंय. नर आत. शेपटीकडून बारीक नारिंगी घोस दिसला!!

शेवाळखाऊ | ११ जुलै

अभिनंदन. आता वेळापत्रक.

अंडी साधारण ३ मिमीची, नारिंगी, एकमेकांना चिकटलेली, ५० ते १००, कधी दीडशेपर्यंत. नर परांनी वारा घालत बसेल आणि खाण्यासाठी बाहेर येणार नाही. आला नाही म्हणून काळजी करू नका, गुहेच्या तोंडाशी भाजी नेऊन ठेवू नका, कुजलेली भाजी तिथे सर्वांत वाईट. २७ अंशाला ४-५ दिवसांत फुटतील, २४ ला आठवडाभर. फुटल्यावर तो मासा नसतो, नारिंगी पिशवी आणि तिला शेपटी. पिशवी संपायला आणखी ५-७ दिवस. अंडी घातल्यापासून दहा ते चौदा दिवसांनी एक सेंमीची पिल्लं काचेवर दिसू लागतील.

पाणी बदला, पण १० टक्के, त्याच तापमानाचं.

दीडइंची | ११ जुलै

आणि पहिल्या खेपेला नराने घोस बाहेर फेकला तर त्याला शिव्या घालू नका. नवखा बाप एक-दोनदा फेकतो किंवा खातो. तिसऱ्यांदाही झालं तर कारण शोधा. पाइप सैल, आत गुळगुळीत, मादी सारखी दाराशी येणं, प्राणवायू कमी, किंवा मालक दर तासाला टॉर्च घेऊन हजर. शेवटचं कारण सर्वांत जास्त आढळतं.

नवीनटाकी | १३ जुलै

दहा-बारा अंडी बाहेर पडलीत. नर आत वारा घालतोच आहे.

काचेपलीकडे | १३ जुलै

पांढरी असतील तर फलन न झालेली, नरानेच निवडून टाकली. बरंच केलं, नाहीतर बुरशी अख्ख्या घोसाला लागते. नारिंगी आणि टणक असतील तर वाचवता येतात. टाकीच्या आत लटकणाऱ्या जाळीच्या डब्यात ठेवा, एअर स्टोन (बुडबुडे सोडणारा दगड) चार बोटं लांब. अंडी हलकेच डोलली पाहिजेत, बुडबुड्यांत उडता कामा नयेत. रोज पांढरी पडलेली ड्रॉपरने उचला.

मिथिलीन ब्लू, म्हणजे बुरशीवरचं निळं औषध, घालायचं तर वेगळ्या भांड्यात, टाकीचंच पाणी, रंग फिकट आभाळी होईल इतकंच. मुख्य टाकीत ओतू नका, फिल्टरचे जीवाणू मरतात. सौम्य उपाय हवा असेल तर देशी बदामाचं गळून पूर्ण वाळलेलं तपकिरी पान. मुंबईत ही झाडं गल्लोगल्ली आहेत, पण धुराच्या रस्त्यावरचं नको, बागेतलं घ्या. धुऊन, उकळतं पाणी ओतून, ३०-४० लिटरला एक. पाणी चहासारखं होईल, ते चालतं. पिल्लं नंतर तेच पान कुरतडून फक्त शिरा ठेवतात.

वांगंभरीत | १४ जुलै

पिल्लांच्या खाण्याची तयारी आत्ताच करा, कारण खरी मर तिथे होते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात रोज दोन-चार मेलेली दिसतात आणि माणूस औषध शोधतो. औषध नसतं, भूक असते. किंवा उरलेल्या दुधीने नासलेलं पाणी. पिल्लाच्या पोटात एक दिवसाचाही साठा नसतो. काचेवर खालून बघा, पोट हिरवं किंवा नारिंगी आणि गोल दिसलं पाहिजे.

पिशवी संपल्या दिवसापासून कायम काहीतरी खरवडायला हवं. शिजवलेल्या दुधीची अर्धा सेंमी चकती सकाळी एक, रात्री एक, दर वेळी जुनी काढून नवी. पालकाचं पान दगडाखाली दाबून. वेफर भुगा करून चिमूटभर, दिवसाआड. त्याआधी एक युक्ती: गुळगुळीत गोटे काचेच्या बरणीत टाकीच्या पाण्यात बुडवून खिडकीत ठेवा, दहा-बारा दिवसांत हिरवे होतात. पिल्लं बाहेर आली की रोज एक गोटा आत, खरवडून पांढरा झालेला परत खिडकीत.

जागा: पन्नासच्या वर पिल्लं असतील तर दोन फुटी टाकी, तळाला रेती नको, स्पंज फिल्टर, रोज २०-२५ टक्के पाणी. पॉवर फिल्टर असेल तर तोंडाला स्पंज बांधा, नाहीतर सकाळी पिल्लं मोटरमध्ये सापडतील.

मुलुंडचामासा | १४ जुलै

गप्पी, टेट्रा असतील तर पिल्लं त्याच टाकीतही तगतात थोडीफार. एंजल असेल तर एकही नाही.

एक शंका. नर तपकिरी, मादी अल्बिनो घेतली तर निम्मी पांढरी होतील का?

शेवाळखाऊ | १५ जुलै

नाही. अल्बिनोपणा दबून राहणारा गुण आहे. तपकिरी नरात तो लपलेला नसेल तर सगळी पिल्लं तपकिरी, पण प्रत्येकात तो गुण लपलेला. अशा दोघांची जोडी लावली तर साधारण चौथा हिस्सा अल्बिनो. लांब परांचं उलटं आहे, तो गुण वरचढ. एकच पालक लांब परांचा असला तरी पिल्लांत निम्म्याच्या आसपास लांब परांची येतात. लाल सुपर रेड हवे असतील तर दोन्ही पालक तसेच घ्या, तपकिरीशी मिसळू नका.

आणि औषधांचं राहिलं. पांढऱ्या ठिपक्यांवर दुकानात मिळणारी तांब्याची औषधं आणि भरमसाट मीठ या माशाला जड जातं. औषध लेबलवरच्या निम्म्या मात्रेने सुरू करा, एअर पंप जोरात, आणि तापमान एका दिवसात एक अंशापेक्षा जास्त वाढवू नका.

नवीनटाकी | २६ जुलै

मोजली. काचेवर ६४. नर बाहेर आला, बारीक झालाय. आता त्याला काय खायला घालू? आणि एवढी पिल्लं पुढे ठेवायची कुठे? नर परत पाइपमध्ये जातोय, म्हणजे पुन्हा अंडी?

वांगंभरीत | २६ जुलै

नराला तीन दिवस नुसता दुधी-पालक, चौथ्या दिवशी थोडं ब्लडवर्म. उपाशी पोटावर पहिल्याच दिवशी कोळंबी नको.

दीडइंची | २७ जुलै

पुन्हा अंडी येतील, महिन्याभरात. दुसरी मादी भरलेली असेल तर त्याहून लवकर. थांबवायचं असेल तर पाइप काढून घ्या, एवढं सोपं आहे. लपायला लाकूड आहेच. दोन-तीन महिने काढून ठेवा, नर-मादी दोघांचीही अंगं भरू द्या.

काचेपलीकडे | २७ जुलै

६४ पैकी ५० जगली असं धरा. तीन महिन्यांत तीन सेंमीची होतील, त्याआधी देऊ नका, प्रवास सोसत नाही. क्रॉफर्ड मार्केटच्या दुकानदारांना किंवा जवळच्या दुकानाला आत्ताच विचारून ठेवा, बदल्यात खाद्य किंवा स्पंज फिल्टर मागा, पैशांपेक्षा ते लवकर मिळतं. देण्याआधी २४ तास खायला घालू नका, नाहीतर पिशवीत लेंडी करून स्वतःच्याच अमोनियात मरतात. एका पिशवीत आठ-दहा, एक भाग पाणी, दोन भाग हवा.

उरलेली पवईच्या तलावात, विहिरीत किंवा सोसायटीच्या कमळाच्या कुंडात सोडायची नाहीत. कुंडातून गटार आणि गटारातून नाला, पहिल्या मोठ्या पावसात. साधा प्लेको असाच सुटून देशातल्या कितीतरी तलावांत माजलाय आणि मच्छीमारांची जाळी फाडतोय.

नवीनटाकी | २७ जुलै

पाइप काढला. आत अजून सात पिल्लं चिकटलेली होती, त्यांना पाण्यातच हलवून सोडलं. म्हणजे ७१.